पडद्याआडचं ऊन

सांगलीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात जाऊन "एलडीआर द्या" म्हटलं की दुकानदार मान वर न करता ड्रॉवर उघडतो आणि मोजून हातावर ठेवतो. एलडीआर म्हणजे पडलेल्या उजेडाप्रमाणे विजेला कमी-जास्त अडवणारा सुटा भाग, पाच-दहा रुपयांची वस्तू. घासाघीस करायची लाज वाटावी इतकी स्वस्त. पाच मिलिमीटरची गोल चकती, दोन लांब पाय आणि तोंडावर नारिंगी-तांबूस नागमोडी रेघ. ती रेघ शोभेची नाही, हे भिंगाखाली धरल्यावर कळतं. दोन बाजूंनी धातूचे दोन पट्टे एकमेकांच्या बोटांत बोटं अडकवून बसलेले असतात आणि त्यांच्या मधल्या चिंचोळ्या फटीत कॅडमियम सल्फाइडचा थर असतो. वीज एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर जायची तर ही फट ओलांडूनच. फट वळणावळणाची केली की तिची लांबी वाढते, ओलांडायला जास्त वाव मिळतो आणि रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, आटोक्यात राहतो. अंधारात त्या थरात मोकळे इलेक्ट्रॉन जवळजवळ नसतात, त्यामुळे रोध दहा लाख ओहमच्या घरात जातो. उजेड पडला की इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि रोध कोसळतो. भर उन्हात शंभर ओहमच्याही खाली.

या नगाने मला पहिल्यापासून भुलवलं, कारण माझी नोकरी हिशेबाची. दिवसभर जमा आणि खर्च यांची तोंडमिळवणी करायची, एका रुपयाचा फरक सापडेपर्यंत उठायचं नाही. संध्याकाळी घरी येऊन आर्डुइनो, म्हणजे असे आकडे वाचणारं छोटं संगणकी बोर्ड, जोडून बसावं तर हा पठ्ठ्या आकडा देतो खरा, पण कशाचा देतो ते सांगत नाही. स्क्रीनवर 612 दिसतं. 612 काय? उजेडाचं माप असलेलं लक्स नव्हे, ओहम नव्हे, व्होल्टही नव्हे. एलडीआर आणि दहा किलोओहमचा, ठरावीक रोधाचा साधा रेझिस्टर एकापाठोपाठ जोडला, वर पाच व्होल्ट, खाली ग्राउंड, आणि मधल्या जोडावर किती व्होल्ट उरले ते आर्डुइनोने 0 ते 1023 अशा पायऱ्यांत मोजलं. एक पायरी म्हणजे जेमतेम पाच मिलिव्होल्ट. तर 612 म्हणजे फक्त सहाशे बारावी पायरी.

या पायऱ्यांवरून लक्स काढायची तयार सूत्रं मिळतात आणि ती बघून हात शिवशिवतात. 5528 नावाचा जो एलडीआर सगळीकडे मिळतो, त्याच्या माहितीपत्रकात दहा लक्सला रोध साधारण 10 ते 20 किलोओहम असं लिहिलेलं असतं. हे "ते" नीट बघा. एकाच पिशवीतले दोन नग एकाच दिव्याखाली एकमेकांच्या दुप्पट-निमपट निघाले तरी कंपनीच्या लेखी दोन्ही पास! आमच्या ऑफिसात असा ताळेबंद कुणी मांडला तर साहेब त्याला दारातूनच परत पाठवतील.

तरी त्यात एक शिस्त आहे. उजेड दहापट झाला की रोध साधारण एक पंचमांश होतो. दहा लक्सला 14 किलोओहम धरा. शंभर लक्सला पावणेतीनच्या आसपास, हजाराला साडेपाचशे ओहम, दहा हजाराला एकशे दहा, लाखाला बावीस. आता हेच आकडे दहा किलोओहमच्या रेझिस्टरबरोबर आर्डुइनोच्या पायऱ्यांत बसवून बघा. दहा लक्सला 426, शंभरला 800, हजारला 969, दहा हजारला 1012 आणि लाखाला 1021. खोलीतला मंद दिवा आणि चांगला दिवा यांच्यात पावणेचारशे पायऱ्यांचं अंतर, आणि ढगाळ दुपार आणि रणरणतं ऊन यांच्यात नऊ पायऱ्यांचं! म्हणजे तो दहा किलोओहमचा रेझिस्टर घरातल्या उजेडासाठी आहे. रानात न्यायचा असेल तर तो काढून 470 ओहमचा लावायचा. मग हजार लक्सला 468, दहा हजारला 828 आणि लाखाला 977 येतात. घरातला भाग तळाला दबतो, पण तिथे आपलं कामच नसतं. या छंदातली निम्मी भांडणं या एका रेझिस्टरपाशी मिटतात असं माझं मत आहे. पण पुस्तकातलं सर्किट दहा किलोचं असतं, म्हणून लोक गच्चीवरसुद्धा दहा किलोच लावतात आणि एलडीआरला नावं ठेवतात.

या सर्किटची एक गोष्ट मला मनापासून आवडते. आर्डुइनो उनोमध्ये मोजायची पट्टी आणि एलडीआरला दिलेली वीज एकाच पाच व्होल्टवर चालते. ते पाचाचे साडेचार झाले तर पट्टीही त्याच प्रमाणात आखडते आणि आकडा जागचा हलत नाही. रानातल्या विजेवर काम करायचं तर हा गुण लाखमोलाचा. तिकडे तीन फेज आल्या, शेजारच्यांनी मोटर चालू केली, की दिवे डोळे मिचकावतात. ईएसपी 32 या दुसऱ्या बोर्डवर हा फायदा मिळत नाही. त्याची मोजपट्टी वेगळी, शिवाय दोन्ही टोकांना वाकडी.

उजेडाने रोध बदलतो हे माणसाला कळलं तेसुद्धा उजेड मोजायला कुणी बसलं होतं म्हणून नव्हे. विलोबी स्मिथ नावाचा इंग्रज तारयंत्राचा अभियंता समुद्राखालच्या केबल तपासत होता. त्याला मोठ्या आणि स्थिर रोधाची गरज होती, म्हणून त्याने सेलेनियमच्या कांड्या घेतल्या. पण त्या कांड्यांचा रोध स्थिर राहीना. शोध घेतला तेव्हा कारण सापडलं. कांड्या सरकत्या झाकणाच्या पेटीत बंद असल्या की रोध सगळ्यात जास्त आणि ठाम, झाकण काढलं की खाली. हे त्याने 1873 मध्ये प्रसिद्ध केलं. केबलवाल्याच्या दृष्टीने तो कांड्यांचा दोष होता. त्याच दोषावर पुढे उजेड मोजायची एक अख्खी परंपरा उभी राहिली. 1964 च्या पेंटॅक्स स्पॉटमॅटिकमध्ये आणि 1966 च्या याशिका इलेक्ट्रो 35 मध्ये उजेडाचा अंदाज घेणारा हाच कॅडमियम सल्फाइड होता. ते कॅमेरे वापरलेले जुने फोटोग्राफर सांगतात, भर उन्हातून थेट मांडवात शिरलात तर मीटरला जरा दम खाऊ द्या.

ते खरंच आहे. एलडीआरला आठवण असते. आत्ता पडलेल्या उजेडाला तो काय उत्तर देईल हे मघाशी तो कुठे होता यावरही ठरतं, मंद उजेडात तर जास्तच. रात्रभर खणात राहिलेला नग आणि दिवसभर खिडकीत बसलेला नग सारख्याच दिव्याखाली वेगळं बोलतात. शिवाय उजेड वाढला तर हा चटकन जागा होतो, पण दिवा मालवल्यावर पूर्ण अंधारातल्या रोधापर्यंत चढायला त्याला काही सेकंद लागतात. माझ्या मते हा नग यंत्रापेक्षा डोळ्याच्या जातीचा आहे. डोळाही असाच. उन्हातून माजघरात आलं की आधी काही दिसत नाही.

एकदा संध्याकाळी विश्रामबागच्या आमच्या गच्चीवर मी दोन्ही एकदम तपासले, माझे डोळे आणि एलडीआर. आकाश निरभ्र असेल तर सूर्य क्षितिजाला टेकताना जमिनीवर चारेकशे लक्स असतात, आणि दिवेलागणीचा संधिप्रकाश संपताना तीन-साडेतीन. आपण सतरा अंश अक्षांशाजवळ, इथे सूर्य तिरका रेंगाळत नाही, सरळ खाली उतरतो. वीस-बावीस मिनिटांत उजेड शंभरावा हिस्सा होतो. मी कठड्याला टेकून बसले होते. हातातलं मासिक वाचायला जड जायला लागलं तेवढंच मला जाणवलं. लॅपटॉपवर मात्र आकडा भराभरा उतरत होता. शेजारच्या गच्चीवरच्या काकू वाळवण गोळा करत होत्या, त्यांनाही घाई दिसली नाही. उजेडाच्या शंभरातले नव्याण्णव भाग डोळ्यासमोरून गेले आणि डोळ्याने फार तर "जरा अंधारलं" एवढी नोंद केली. डोळा फरक मोजतो तो पटीत. एलडीआरचाही रोध पटीतच बदलतो, पण त्याच्याशी जोडलेल्या आर्डुइनोला बाहुली बारीक-मोठी करता येत नाही. तो आकडे लिहून ठेवतो, एवढाच फरक.

हा फरक कामाला आला तो मामांच्या शेडमध्ये.

मामांची द्राक्षं तासगाव तालुक्यात. थोडी बाग खायच्या द्राक्षाची, बाकीची बेदाण्याची. बाजारात हिरवट, तजेलदार बेदाण्याला चढा भाव आणि काळपट पडलेल्याला पडता. उन्हात वाळलं की द्राक्ष तपकिरी होतं, सावलीत वाऱ्यावर वाळलं की हिरवेपण टिकतं, म्हणून तर एवढ्या शेड उभ्या राहिल्या. घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढतात, सालीवरची मेणकट लव सुटते आणि पाणी लवकर बाहेर पडतं. मग जाळ्यांच्या थरांवर पसरायचं आणि वाऱ्याच्या भरवशावर पंधरा-एक दिवस थांबायचं. चार किलो द्राक्षांचा साधारण किलोभर बेदाणा होतो. शेडला बाजूंनी हिरव्या शेडनेटचे पडदे असतात. वारा आत यायला हवा, ऊन नको. दोघेही त्याच वाटेने येतात, सगळी अडचण तिथेच.

मार्चमध्ये मी गेले तेव्हा मामा पश्चिमेकडच्या जाळ्यांसमोर उभे होते. मूठभर बेदाणा हातात घेऊन मला दाखवला. वरच्या थरातला हिरवा, खालच्या दोन थरांतला तांबूस.

"ह्या अंगाचा माल दरसाली लाल पडतोय बघ. डोक्यावर पत्रा हाय, बाजूला पडदा हाय. ऊन येतंय कुठनं?"

"मामा, दुपारी बघितलं का तुम्ही उभं राहून?"

"बघितलं की. दुपारी अंधारगुडूप असतंय हितं."

मामांचं निरीक्षण बरोबर होतं, पण बाहेरच्या लाखभर लक्समधून आत येणाऱ्या माणसाला शेड अंधारीच वाटणार. तासभर आत काम करणाऱ्या बायांना विचारलं तर त्या म्हणाल्या, लख्ख उजेड असतो. दोघांचंही खरं. डोळ्याला आधी काय दिसलं त्यावरून तो आत्ताचं ठरवतो. खरा साक्षीदार बेदाणा, पण तो साक्ष देतो आठ-दहा दिवसांनी, आणि कोणत्या वेळेला काय झालं ते सांगत नाही.

मी दोन एलडीआर घेतले. आधी दोन्ही शेजारी-शेजारी त्याच उजेडात ठेवले. एक 590 दाखवत होता, दुसरा 640 च्या आसपास. अंगणात, ओसरीत, शेडच्या मधोमध, तीन-चार ठिकाणी दोघांचे आकडे एकमेकांसमोर लिहून घेतले, म्हणजे हिशेबात एकाची बाजू दुसऱ्याशी जुळवता येईल. लक्सचा विचार सोडून दिला. मला किती उजेड आहे हे नको होतं, मधल्या जाळीपेक्षा पश्चिमेच्या जाळीवर तो कधी आणि किती जास्त आहे हे हवं होतं. दोन नगांची आपसात गाठ घालून दिली की त्यांच्या कंपनीने काय लिहिलंय याला महत्त्व राहत नाही.

कुणी विचारेल, सरळ लक्स सांगणारा सेन्सर का नाही लावला? बीएच 1750 माझ्याकडे आहे. त्यात फोटोडायोड, म्हणजे उजेड पडला की वीज सोडणारा भाग, असतो, दोन तारांवरून थेट लक्सचा आकडा पाठवतो, 65535 पर्यंत. चांगला आहे. पण उद्या दहा-बारा जाळ्यांवर सेन्सर लावायचे म्हटले तर एलडीआरचा खर्च चहापाण्यात निघतो, आणि एखाद्यावर क्रेट पडून चुरा झाला तर हळहळ वाटत नाही. अर्थात चुरा झालेला नग तसाच सोडायचा नाही. आत कॅडमियम आहे. युरोपात 1 जुलै 2006 पासून विजेच्या उपकरणांत ते वजनाच्या 0.01 टक्क्याच्या वर चालत नाही, आपल्याकडच्या ई-कचऱ्याच्या नियमांतही मर्यादा तीच आहे. त्यात ही खायच्या मालाची जागा. म्हणून प्रत्येक नग पारदर्शक डबीत बंद केला आणि डबीवर टेबल टेनिसचा अर्धा कापलेला चेंडू उपडा चिकटवला. त्या पांढऱ्या घुमटातून उजेड विखरून आत येतो, त्यामुळे किरण कुठल्या बाजूने आला याचा फरक पुष्कळ कमी होतो. नुसता एलडीआर समोरचं बघतो आणि कडेचं दुर्लक्षितो. इथे तर भांडण कडेच्या उन्हाशीच होतं. पिवळ्या बेदाण्यासाठी गंधकाची धुरी देतात, त्या वेळी मात्र डब्या बाहेर काढायच्या, हे मामींनाच सांगून ठेवलं. ओलसर हवेत तो धूर तांब्याच्या तारा खातो.

मिनिटाला एक नोंद मेमरी कार्डवर. खरं तर दर नोंदीला वीस मिलिसेकंदभर वाचून सरासरी घ्यायची, कारण रात्री शेडमधला दिवा 50 हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो आणि एकच वाचन त्यातल्या कुठल्याही क्षणी पडू शकतं. दिवसा याची गरज नव्हती, पण सवय लावलेली बरी.

आलेख काढला तेव्हा मधल्या जाळीची रेघ शहाण्यासारखी होती. सकाळी चढली, दुपारी बारा-साडेबाराला वर टेकली, मग सावकाश उतरली. पश्चिमेच्या खालच्या जाळीची रेघ चारपर्यंत तिच्या बरोबरीनेच चालत होती. पावणेपाचला ती उसळली, दुपारच्या डोक्याच्याही वर गेली आणि सव्वासहापर्यंत खाली आलीच नाही. मग एकदम पडली.

मी मामांना त्या वेळेला पडद्यापाशी उभं केलं. पडदा जमिनीपासून हातभर वर बांधलेला होता, वारा यावा म्हणून. दिवसभर त्या फटीतून काही येत नव्हतं. पावणेपाचनंतर सूर्य इतका खाली येत होता की त्याचे किरण पडद्याखालून तिरके आत शिरून थेट खालच्या दोन थरांवर पडत होते. जमिनीवर उन्हाचा लांब पट्टा पडला होता आणि त्यात धुळीचे कण तरंगत होते.

मामा वाकून बघत राहिले. "आणि आमी बराबर तवाच च्या प्यायला वर जातोय," ते म्हणाले.

त्या दिवसापासून साडेचारला पडदा खाली सोडायचा आणि साडेसहाला परत वर, असं ठरलं. पण रानातलं काम घड्याळावर चालत नाही, म्हणून मामांना आलेख नको होता, शिट्टी हवी होती. डबीला बझर जोडला. त्यात एक साधी गोष्ट पाळली, वाजायची रेषा आणि थांबायची रेषा वेगवेगळी ठेवली. आकडा 750 च्या वर गेला की वाजायचं आणि 650 च्या खाली आला तरच थांबायचं. एकच रेषा ठेवली असती तर ढगाचा तुकडा सूर्यावरून गेला की बझर थांबणार, सरकला की पुन्हा वाजणार, आणि दहा मिनिटांत मामींनी त्याची वायर उपटली असती. रस्त्यावरचे आपोआप लागणारे दिवे कधीकधी तिन्हीसांजेला लागतात-विझतात, लागतात-विझतात, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. किंवा त्यांचा एलडीआर स्वतःच्याच दिव्याकडे तोंड करून बसवलेला असतो.

खालच्या थरांचा माल यंदा कसा निघाला हे प्रतवारीला कळेल. पण मामांचं डोकं आता पुढे गेलंय. त्यांना कुणीतरी सांगितलंय की हिरव्या नेटपेक्षा पांढरं कापड चांगलं. दोन्हींचे तुकडे आणून त्यांनी माझ्यासमोर टाकले. "तुझ्या डबीवर धर आणि सांग, कुठल्यातनं ऊन कमी येतंय."

इथे एलडीआर कामाचा नाही. हा नग सगळ्यात जास्त हिरवा उजेड ओळखतो, 540 नॅनोमीटरच्या आसपासचा. माणसाचा डोळा दिवसा 555 ला सगळ्यात तरबेज असतो, म्हणून तर कॅमेऱ्यात आणि गच्चीवर याचं आपल्याशी इतकं जुळतं. हिरव्या नेटमधून गाळून येतो तो हिरवाच उजेड, त्याला हा भरभरून गुण देणार. पांढऱ्या कापडातून जांभळ्यापलीकडचं अतिनील किती आलं, ते याला जवळजवळ दिसतच नाही. द्राक्षाच्या सालीला मात्र आपल्यासारखे डोळे नसतात. तिचा हिरवा रंग उडवण्यात कुठल्या रंगाच्या उजेडाचा हात किती, हे विचारायचं तर विचारणारा सेन्सरही तसाच हवा.

मामांना हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि नव्या सेन्सरची किंमत विचारली. एलडीआरच्या कितीतरी पट आहे म्हटल्यावर म्हणाले, मागव, बेदाण्याचा सौदा झाला की देतो.